निळवे, पायली आणि पिपा

नागपूरच्या इतवारी बाजारात तेलाच्या दुकानी 'एक पिपा द्या' म्हटले की दुकानदार पत्र्याचा चौकोनी डबा पुढे करतो. त्यात १५ किलो तेल असते. तेल पाण्याहून हलके, लिटरला सुमारे ९१० ग्रॅम भरणारे. तेव्हा हा पिपा साधारण साडेसोळा लिटरचा होतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला मात्र 'पिंप' म्हटले की पाणी साठवायचे मोठे गोल भांडे आठवते. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. पोर्तुगीज भाषेत मद्य साठवायच्या लाकडी पिंपाला 'पिपा' म्हणतात आणि त्यात सुमारे पाचशे लिटर द्राक्षमद्य मावते. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेला हा शब्द नागपूरला पोचेपर्यंत तिसाव्या हिश्श्याएवढा आक्रसला, आणि गोलाचा चौकोनी झाला!

शब्द तोच राहून माप बदलते, किंवा माप तेच राहून शब्द बदलतो, हे भांड्यांच्या इतिहासात सतत दिसते. मग भांडे केवढे असावे हे मुळात ठरवते कोण? राजा, व्यापारी, की भांडे उचलणारा माणूस? नागपूर या प्रश्नाचा विचार करायला सोयीचे गाव आहे. भोसल्यांच्या राज्यातली धान्याची मापे, कामठीच्या छावणीबरोबर आलेले इंग्रजांचे गॅलन आणि स्वातंत्र्यानंतरचा लिटर अशी तीन कुळे इथे एकामागून एक नांदली.

आधी घरची मापे घेऊ. वर्गात आज 'पायली' हा शब्द काही मुलांना ठाऊक असतो, खेड्यातल्या मुलांना हमखास. त्याखालची उतरंड मात्र आजी-आजोबांनाच विचारावी लागते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. म्हणजे पायलीत ६४ निळवी. पायलीच्या वर गेलो की हा सुबकपणा संपतो. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा पायल्यांचा. मग वीस मणांची खंडी. नागपूरच्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या पट्ट्यात कुडो हे माप चालते आणि तिथे वीस कुडोंची खंडी धरतात. पायली आणि खंडी हे शब्द सगळीकडे तेच, पण एका गावची पायली शेजारच्या गावच्या पायलीएवढी असेलच अशी खात्री कोणी देत नसे.

कुडो म्हणजे संस्कृतातला कुडव. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) परिभाषेच्या प्रकरणात त्याचे माप दिले आहे. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल अशा घनाएवढी मगध देशातली खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा भाग प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा भाग कुडव. गुणाकार करून पाहा: १६ × ४ × ४ × ४ = १०२४. ही २ ची दहावी घात आहे. संगणकाच्या निमित्ताने आपल्या मुलांना ओळखीची झालेली संख्या साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी धान्याच्या मापात बसली होती. हात दीड फुटाचा धरला तर खारी सुमारे ९५ लिटर भरते आणि लीलावतीतला कुडव ९३ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चहाच्या कपाएवढा. पूर्व विदर्भातला कुडो त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. पिपा आक्रसला, कुडो फुगला.

दोन, चार, सोळा हेच आकडे का? दहा का नाहीत, तीन का नाहीत? आमच्या मते उत्तर साधे आहे. निम्मे करणे ही एकच वाटणी अशी आहे की तिला दुसरे कोणतेही प्रमाण लागत नाही. भरलेले मापटे दोन सारख्या भांड्यांत ओतायचे आणि दोन्हींची पातळी डोळ्यांनी ताडून पाहायची, झाले चिपटे. ते बरोबर आहे का हे देणाराही पाहू शकतो, घेणाराही पाहू शकतो. तिघांत सारखे वाटून पाहा म्हणजे अडचण कळेल. वर्गात एक तांब्या आणि सहा सारखे पेले एवढ्यावर हा प्रयोग होतो. अर्ध्याचे अर्धे करत चार पायऱ्या उतरणारी मुले किती चुकतात आणि एकदम तीन किंवा पाच भाग करणारी किती चुकतात, याची नोंद ठेवायला सांगावी.

मापांची उतरंड मांडून ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते. पायलीत आठ मापटी धान्य मावते, पण पायली मापट्याच्या आठपट उंच नसते. दोन्हींचा घाट सारखा असेल तर ती फक्त दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद असते. दर पायरीला आकारमान दुप्पट, उंची मात्र १.२६ पट, तीन पायऱ्या चढलो की उंची दुप्पट. पत्रा चौपट लागतो. म्हणजे एका पायलीच्या पत्र्यात चारच मापटी होतील आणि त्यांत धान्य मावेल अर्धी पायली. भांडे लहान केले की त्याच मालाला आवरण जास्त लागते, हा नियम मापट्याला लागू आहे तसाच पुढे येणाऱ्या लाकडी आणि पोलादी पिंपांनाही.

शिगेचे माप

पायली भरताना दोन पद्धती होत्या. एक, काठाशी हात किंवा काठी फिरवून सपाट करायचे. दुसरी, शिगोशीग भरायचे, म्हणजे धान्य आपसूक ओघळू लागेपर्यंत ओतत राहायचे. मजुराला मजुरी धान्यात मिळे, सालदाराचा करार धान्यात होई, सावकाराचे कर्ज आणि वाढीदिढी धान्यात फिटे. तेव्हा घेताना शिगेचे आणि देताना सपाट, एवढ्या एका गोष्टीवर घरातल्या दाण्यांचा हिशेब बदलत असे. माप तेच, शिक्का असला तरी तोच, लबाडी मापाच्या वर चाललेली.

शिगेत किती धान्य असते? कोरडे धान्य ओतले की त्याचा शंकू होतो आणि त्याचा उतार धान्याप्रमाणे ठरलेला असतो. हा उतार ३० अंशांचा धरू. आता चार लिटरची एक पायली घ्या, तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर. शंकूची उंची सुमारे ५.८ सेंटिमीटर येते आणि आकारमान सुमारे ६०० घन सेंटिमीटर. म्हणजे सपाट मापाच्या १५ टक्के जास्त. आता तेवढ्याच चार लिटरची, पण उंच आणि अरुंद पायली घ्या, व्यास १६ सेंटिमीटर. शिगेत ३१० घन सेंटिमीटरच मावतात, जेमतेम ८ टक्के. शंकूचे आकारमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे तोंड सव्वापट रुंद केले की शीग जवळजवळ दुप्पट होते. ज्याला शिगेचे घ्यायचे आहे त्याने पसरट पायली ठेवायची! सपाट भरून तपासणाऱ्याला ती पूर्ण बरोबर भरलेली दिसणार. शंकूच्या घनफळाचे सूत्र नववी-दहावीत शिकवताना आईस्क्रीमच्या कोनाऐवजी हे उदाहरण घ्यावे असे आम्हाला वाटते. त्यात कोणाचे तरी पोट अडकलेले आहे.

अशा कारणांमुळे नुसते 'शेर म्हणजे किती' हे ठरवून भागत नाही. मध्य प्रांताने १९२८ साली वजने आणि धारकतेची मापे यांच्यासाठी कायदा केला, तो याच गोंधळाला आवर घालण्यासाठी. वजनाच्या बाबतीत रेल्वेने आधीच वाट पाडून दिली होती. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण (३७.३२ किलो) मालगाडीबरोबर देशभर फिरला. मापाने विकायचे धान्य हळूहळू वजनाने विकले जाऊ लागले, त्यात रेल्वेचा वाटा मोठा. वजनाला शीग नसते.

कामठीची वाट

धान्याला शीग असते, द्रवाला नसते. मग द्रवाच्या मापात वाद कुठे शिरतो? त्यासाठी नागपूरहून कामठीला जावे लागेल. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि १८२१ साली कन्हान नदीच्या काठी इंग्रजांची छावणी उभी राहिली. देशभरच्या अशा छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांसाठी बियर इंग्लंडहून येत असे. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास आणि मग बंदरापासून पुढे बैलगाडी. नागपूरला रेल्वे आली ती १८६७ साली. (विषय बियरचा निघाला म्हणून कोणाच्या कपाळाला आठी पडू नये. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे आम्हाला माहीत आहे. इथे आपण भांडे पाहतो आहोत, आतला माल नाही.)

इंग्रजी पिंपांची उतरंड अशी: साडेचार गॅलनची पिन, ९ गॅलनची फर्किन, १८ ची किल्डरकिन, ३६ ची बॅरल. लिटरमध्ये अनुक्रमे सुमारे २०.५, ४१, ८२ आणि १६४. पुन्हा दुप्पट, दुप्पट, दुप्पट! निळवे-कोळव्याशी काहीही संबंध नसलेल्या बेटावर माणसांनी तीच युक्ती वापरली. बॅरलच्या वर मात्र इथेही मोडतोड आहे. ५४ गॅलनचे हॉग्जहेड म्हणजे दीड बॅरल, आणि त्याच्या दुप्पट १०८ गॅलनचे बट. हिंदुस्थानात बियर प्रामुख्याने हॉग्जहेडमधून येई आणि पुष्कळदा इथे आल्यावर बाटल्यांत भरली जाई. हॉग्जहेडमध्ये २४५ लिटर बियर, लाकडासकट वजन तीनशे किलोच्या घरात. लांबच्या प्रवासाला मोठे पीप बरे पडते. लिटरमागे लाकूड कमी लागते, जहाजात जागा कमी जाते आणि पृष्ठभाग तुलनेने कमी असल्याने बाहेरची उष्णता आत सावकाश शिरते. शिवाय तीनशे किलोचे पीप उचलावे लागत नाही. पोट फुगीर असल्याने जमिनीला ते जेमतेम एका पट्टीवर टेकते, म्हणून एक-दोन माणसे ते गडगडत नेतात आणि हव्या त्या दिशेला सहज वळवतात. नळकांड्याला हे जमत नाही.

हे फुगीर पोट हमालाला सोयीचे आणि मोजणाऱ्याला डोकेदुखी. आत किती लिटर आहेत हे कसे सांगायचे? कर त्यावरच लागायचा. योहानेस केपलरने १६१३ साली दुसरे लग्न केले तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिंझ गावी त्याने घरात मद्याची पिंपे भरली. व्यापाऱ्याने पिंपाच्या पोटावरच्या भोकातून एक काठी तिरकी घालून तळाच्या कडेला टेकवली, ओली लांबी पाहिली आणि किंमत सांगितली. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या माणसाला हे खटकले. एकच लांबी आखूड-जाड्या पिंपातही येऊ शकते आणि लांब-सडपातळ पिंपातही, मग किंमत एकच कशी? त्याने गणित मांडले आणि १६१५ साली मद्याच्या पिंपांच्या घनफळावर एक पुस्तकच छापले.

निष्कर्ष व्यापाऱ्याच्या बाजूने निघाला. सोयीसाठी पीप सरळ नळकांडे समजू. तिरक्या काठीची लांबी ठरलेली असेल, तर सर्वांत जास्त द्रव त्या पिंपात मावतो ज्याची लांबी व्यासाच्या १.४१ पट, म्हणजे वर्गमूळ दोनपट असते. तेव्हा आकारमान काठीच्या लांबीच्या घनाच्या ०.६०५ पट येते. ७५ सेंटिमीटर ओली काठी म्हणजे सुमारे २५५ लिटर. ऑस्ट्रियातले पिंपकरी परंपरेने या प्रमाणाच्या जवळपासच पिंपे घडवत होते. आणि शिखराजवळ डोंगर सपाट असतो तसे इथेही होते. लांबी व्यासाच्या १.२ पट केली किंवा १.६ पट केली तरी आकारमान दोन टक्क्यांहून जास्त बदलत नाही. म्हणजे घडणीतल्या लहानसहान चुकीने गिऱ्हाईक बुडत नाही. पुढे ज्याला कलनशास्त्र म्हणून ओळखले गेले, त्यातल्या महत्तम मूल्याच्या कल्पनेकडे जाणाऱ्या वाटांपैकी ही एक वाट. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे.

गॅलन तरी एक होता का? नाही. इंग्लंडात मद्याचा गॅलन २३१ घन इंचांचा, एलचा २८२ घन इंचांचा, धान्याचा आणखी वेगळा. सोळाव्या शतकातल्या कायद्याने बियरची बॅरल ३६ गॅलनची तर एलची ३२ गॅलनची ठरवली होती. पायली गावोगाव वेगळी म्हणून हिंदुस्थानला हसणाऱ्या साहेबांच्या घरी हा पसारा होता. १८२४ च्या कायद्याने एकच इंपीरियल गॅलन आला, १० पौंड पाण्याएवढा, म्हणजे ४.५४६ लिटरचा. अमेरिका तोवर वेगळी झालेली. तिने जुना २३१ घन इंचांचा गॅलन ठेवला आणि तिथली बियरची बॅरल ३१ गॅलनची, ११७ लिटरची ठरली. बातम्यांत ज्या बॅरलच्या भावाने खनिज तेल विकले जाते ती आणखी तिसरी, ४२ अमेरिकी गॅलनची, १५९ लिटरची. पेनसिल्व्हेनियात १८६० च्या दशकात तेल खरोखरच लाकडी पिंपांतून जात होते. आज ते टँकरमधून आणि नळांतून जाते. त्या मापाच्या पिंपात ते भरलेच जात नाही.

लाकडी पिंपांची जागा विसाव्या शतकात धातूच्या केगने घेतली. आज जगभर दिसणारे केग बहुतेक ५०, ३० आणि २० लिटरचे असतात. अमेरिकेतला 'अर्धा बॅरल' केग ५८.७ लिटरचा आणि 'सहावा हिस्सा' १९.५ लिटरचा. पन्नासचा रिकामा केग १२-१३ किलो भरतो, विसाचा ७-८ किलो. लिटरमागे पाहिले तर लहान केगला जवळजवळ दीडपट पोलाद लागते, मापट्याचाच हिशेब. मग लहान केग बनवतातच कशाला? पन्नासचा भरलेला केग ६२-६३ किलोंचा, एकट्याने जिना चढवण्याजोगा नाही. विसाचा २८ किलोंच्या आत बसतो. दुसरे कारण नासण्याचे. केग उघडून हातपंपाने आत हवा भरली तर बियर एका दिवसात बिघडू लागते. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली ठेवली तर काही आठवडे टिकते. ज्या दुकानात दिवसाला दहा लिटर खपतात त्याने पन्नासचा केग हवेच्या पंपावर लावला तर चाळीस लिटर वाया. रोज किती खपते आणि उघडल्यावर किती दिवस टिकते, या दोन आकड्यांच्या गुणाकाराहून भांडे मोठे असून चालत नाही. औषधाची बाटली आणि लग्नघरची दुधाची कॅन यांनाही हेच लागू आहे. नागपूरच्या पिप्याचा आकार ज्या रॉकेलच्या डब्यावरून आला, तो सुमारे १८ लिटरचा होता. असे दोन भरलेले डबे कावडीला लावून माणूस चालू शके. पाणी भरले तर दोन्हींचे मिळून ओझे एक मणाच्या आसपास.

तिसरे कूळ लिटरचे. १९५६ साली वजन-मापांचा केंद्रीय कायदा झाला. त्याच वर्षी नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून काही भागांत आणि व्यवसायांत किलो सुरू झाला आणि १९६२ पर्यंत व्यापारात सगळीकडे नवी मापे सक्तीची झाली. दशमान पद्धतीची भांडी १, २, ५ या क्रमाने असतात: एक लिटर, ५०० मिलिलिटर, २००, १००, ५०. माणसांच्या डोक्यातली उतरंड मात्र निम्म्या-निम्म्याचीच राहिली. गिऱ्हाईक 'पाव लिटर दूध' मागते आणि गवळी दोनशेचे एक आणि पन्नासचे एक माप ओततो. दारूच्या दुकानातही ७५० चा निम्मा ३७५, त्याचा निम्मा म्हणून १८०, आणि त्याला आपल्याकडे नाव आहे पव्वा.

आता पसरट पायलीच्या उलट असे एक माप पाहू. पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले ५ लिटरचे माप ठेवावे लागते, आणि ग्राहकाने मागितले तर त्यात मोजून दाखवावे लागते. या मापाचे पोट रुंद असते आणि मान अरुंद, खूण मानेवर. २० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाशी पातळी एक मिलिमीटर चुकली तर ३१ मिलिलिटरचा फरक पडतो. मान ४ सेंटिमीटरची असेल तर तेवढ्याच चुकीने सव्वा मिलिलिटरचा. पंपाला पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची चूक माफ असते. पायलीच्या तोंडाने ती पकडताच आली नसती.